इंजेक्शन मिळालं, पण शेजारी बसणार कोण?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी भागात जीबीएसचे पेशंट वाढले, तेव्हा आपल्या शहापूरच्या टपरीवरही एकच चर्चा. एक इंजेक्शन वीस हजाराला! मीही तीच बातमी केली. ते आयव्हीआयजी चढवताना काय सांभाळावं लागतं, यावर एक ओळ लिहिली नाही. चूक माझीच.

हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून हे औषध काढतात. जीबीएसला साधारण डोस किलोमागे रोज 0.4 ग्रॅम, पाच दिवस. 60 किलोच्या माणसाला एकूण 120 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या. सुरुवात अगदी धिमी करायची. नाडी, बीपी, ताप, श्वास पुन्हा पुन्हा बघायचा आणि त्रास नसेल तरच वेग वाढवायचा. थंडी वाजणं, डोकं दुखणं हे बऱ्याच जणांना होतं. पण क्वचित जोराची ॲलर्जी येते, रक्ताची गुठळी होते, किडनीला मार बसतो. वयस्कर, शुगरवाले आणि आधीच किडनीचा त्रास असलेल्यांना धोका जास्त. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासायचं, अंगात पाणी कमी पडू द्यायचं नाही, लघवीवर लक्ष ठेवायचं.

तानसा भागातल्या ओळखीच्या एका मावशींना शहरातल्या एका हॉस्पिटलात हे चढत होतं. रात्री गच्च भरलेल्या वॉर्डात सिस्टर एकच. मावशी थंडीने कापायला लागल्या. पोराला वाटलं, पंख्यामुळे. त्याने दोन चादरी टाकल्या. सिस्टर फेरीला आली, तिने बघताच ड्रिप थांबवली. निभावलं. त्या सिस्टरला मी दोष देणार नाही, एकटी बिचारी किती ठिकाणी पुरणार?

घरी आल्यावर मी डिस्चार्ज कार्ड पाहिलं. सगळं इंग्रजीत, बाटल्यांचा बॅच नंबर कुठेच नाही. काही त्रास तर घरी आल्यावरच उठतात. डोकं ठणकून मान आखडते, पोटरी सुजते, दम लागतो, लघवी लाल होते किंवा कमी होते. यातलं काहीही झालं तर लगेच डॉक्टरकडे जायचं, हे मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आपल्या पाड्यावरून रात्री गाडी मिळवून ठाणं गाठणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

पुण्यात सरकारने मोफत उपचार जाहीर केले, चांगलंच केलं. आता हे औषध देणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने बॅच नंबर आणि धोक्याची लक्षणं लिहिलेला मराठी कागद पेशंटच्या हातात द्यावा. एका पानाला असा काय खर्च येतो? हीच मागणी घेऊन सोमवारी मी आपल्या उपजिल्हा रुग्णालयात जातोय. शहापूर-मुरबाडमध्ये कुणाच्या घरी हे औषध दिलेलं असेल, तर कार्डाचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव झाकून पाठवा.