कंटेनरला किती दिसावे?

शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. शिरूरमध्ये रांजणगावची आणि दौंडमध्ये कुरकुंभची औद्योगिक वसाहतही आहे. उसाच्या गाड्यांचा वजनकाटा असो की कारखान्यातला बारकोड स्कॅनर, अशी साधने संगणकाला जोडली जातात आणि ती वापरणारे प्रोग्राम कंटेनरमध्ये ठेवण्याची पद्धत रुळते आहे. वजन, हिशेब, हजेरी हे प्रोग्राम एकाच लिनक्स यंत्रावर एकमेकांत न मिसळता चालावेत, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. मात्र हे वेगळेपण नेमके कुठवर टिकते, हे काटा जोडायची वेळ आली की कळते.

कंटेनर म्हणजे स्वतंत्र यंत्र नव्हे. सगळे कंटेनर एकाच कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, चालतात आणि कर्नल प्रत्येकाला 'नेमस्पेस'च्या आधारे वेगळे दृश्य दाखवतो. जानेवारी 2008 मधल्या 2.6.24 या आवृत्तीपासून नेटवर्क नेमस्पेस लिनक्समध्ये येऊ लागली. तिच्यामुळे प्रत्येक कंटेनरला स्वतःची नेटवर्क कार्डे, पत्ते, मार्गांचे तक्ते आणि फायरवॉलचे नियम मिळतात.

एखादे साधन जोडले किंवा काढले की कर्नल 'यूइव्हेंट' नावाचा निरोप नेटलिंक सॉकेटवर सोडतो. यूडेव्ह हा प्रोग्राम तो ऐकून साधनाला परवानग्या आणि ओळखीची नावे लावतो. हे सॉकेट नेटवर्क नेमस्पेसचे असल्याने काट्याच्या निरोपाचा प्रश्नही नेटवर्कच्या विलगीकरणाशी जोडला गेला. 2010 मध्ये एरिक बीडरमन यांच्या कामामुळे नेटवर्क कार्डांचे निरोप त्यांच्या त्यांच्या नेमस्पेसपुरते राहू लागले. बाकी साधनांचे निरोप मात्र सर्वत्र जात राहिले; एका वस्तीची दवंडी साऱ्या तालुक्यात पिटावी, तसे.

ऑगस्ट 2018 मध्ये आलेल्या 4.18 या आवृत्तीत ख्रिस्तियान ब्राउनर यांच्या बदलाने याला बांध घातला. वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार वेगळे ठेवणाऱ्या नेमस्पेसला 'यूजर नेमस्पेस' म्हणतात. ज्या नेटवर्क नेमस्पेसची मालकी मूळ यूजर नेमस्पेसकडे असते, फक्त तिच्यातच आता असे निरोप जातात. त्याच्या आधीच्या 4.17 मध्ये, एखाद्या नेटवर्क नेमस्पेसवर अधिकार असलेल्या व्यवस्थापक प्रोग्रामला निवडक निरोप आत पोचवण्याची सोय झाली होती. म्हणजे कोणत्या कंटेनरला काटा कळवायचा, हे कंटेनर ज्यावर चालतात ते यजमान यंत्र ठरवू शकते.

इथला बारकावा महत्त्वाचा आहे. वेगळी यूजर नेमस्पेस न वापरता, डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीने नेहमीच्या पद्धतीने चालवलेल्या कंटेनरची नेटवर्क नेमस्पेस मूळ यूजर नेमस्पेसच्याच मालकीची असते. त्यामुळे 4.18 नंतरही तिथे यजमान यंत्राच्या साधनांचे निरोप पोचतात. नेटवर्क वेगळे केले म्हणजे सारे वेगळे झाले, असा समज धोकादायक आहे.

आभासी फाइल प्रणालींचेही तसेच. 'सिस' आणि 'प्रॉक' या डिरेक्टऱ्यांतल्या फाइली डिस्कवर नसतात. कर्नल मागणीनुसार त्या दाखवतो. 'सिस' माउंट करताना जी नेटवर्क नेमस्पेस असेल, तिचीच कार्डे तिथे दिसतात. म्हणूनच 'आयपी नेटएनएस एक्झेक' ही आज्ञा नेमस्पेस बदलताना 'सिस' नव्याने माउंट करते. डिस्क आणि इतर हार्डवेअरची माहिती मात्र समाईकच राहते, कारण लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये साधनांसाठी वेगळी नेमस्पेस नाही.

खरा धोका लिहिण्याच्या परवानगीत आहे. 'सिस'मधल्या 'यूइव्हेंट हेल्पर' या फाइलीत ज्या प्रोग्रामचा पत्ता असेल, तो कर्नल यूइव्हेंटच्या वेळी यजमान यंत्रावर रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालवू शकतो. ती फाइल कंटेनरमधून बदलता आली, तर आतला माणूस थेट यजमानाचा मालक होतो. म्हणूनच डॉकर साध्या कंटेनरला 'सिस' केवळ वाचनासाठी देतो. 'प्रिव्हिलेज्ड' हा पर्याय दिला की ते संरक्षण उठते.

आणि नेमके तेच केले जाते. काट्याची केबल निघून पुन्हा जोडली की नवे साधन कंटेनरला दिसत नाही, काम अडते आणि घाईत कंटेनर 'प्रिव्हिलेज्ड' करून टाकला जातो. हंगामात गाड्या खोळंबल्या असताना ही घाई समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी हिशेबाचा आणि हजेरीचा प्रोग्रामही उघडा पडतो. यजमानावर यूडेव्हचा नियम लिहून काट्याला कायमचे नाव द्यावे, तेवढेच साधन कंटेनरला द्यावे आणि केबल पुन्हा जोडल्यावर तो कंटेनर आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी व्यवस्था करावी. शक्य तिथे यूजर नेमस्पेस वापरावी.

कारखान्यांच्या आणि सहकारी संस्थांच्या चालकांनी प्रणाली विकत घेताना पुरवठादाराला तीन प्रश्न लेखी विचारावेत: कंटेनर 'प्रिव्हिलेज्ड' आहे का, यूजर नेमस्पेस चालू आहे का आणि 'सिस'वर लिहिता येते का? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत अशी प्रणाली कामाला लावू नये.