बावटा खोटा ठरला?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणारा माझा एक विद्यार्थी परवा वर्गात फुरंगटून बसला होता. म्हणाला, "बाई, बंदरावर धोक्याचा बावटा लागला म्हणून बाबांनी होडी काढली नाही. आणि वादळ आलंच नाही! धंदा बुडाला. बाबा म्हणतात, पुढच्या वेळी बावटा लागला तरी जाणार."

मी म्हटलं, "थांब, आधी एक खेळ खेळू." तुम्हीही खेळा. ९० चिंचोके आणि १० शिंपले घ्या. चिंचोका म्हणजे शांत दिवस, शिंपला म्हणजे वादळाचा. आता दोन ताटल्या मांडा. एक 'बावटा आहे'ची, दुसरी 'बावटा नाही'ची.

आपल्या खेळातला बावटा १० वादळांपैकी ९ ओळखतो. पण ९० शांत दिवसांपैकी १८ दिवस उगाचच लागतो. (हे आकडे खेळापुरते हं!) म्हणजे पहिल्या ताटलीत ९ शिंपले, १८ चिंचोके. दुसरीत १ शिंपला, ७२ चिंचोके.

डोळे मिटून पहिल्या ताटलीतून एक उचला. २७ पैकी ९, म्हणजे तीनात एकदा शिंपला! बावटा तीनातून दोनदा खोटा ठरला की नाही? पण दुसरी ताटली बघा. तिथे ७३ मध्ये फक्त १ शिंपला. बावटा पाहण्याआधी वादळाची शक्यता दहात एक होती, तो पाहिल्यावर तीनात एक झाली.

नवी माहिती मिळाली की जुना अंदाज असा बदलायचा. ही रीत इंग्लंडचे धर्मगुरू थॉमस बेज यांनी मांडली. ते १७६१ साली वारले. त्यांचा निबंध मित्र रिचर्ड प्राइस यांनी पुढे १७६३ मध्ये प्रसिद्ध केला.

माझा विद्यार्थी बराच वेळ ताटलीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, धंदा उद्याही होईल. पण शिंपला निघाला तर..." पुढचं तो बोलला नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं होतं. कोळीवाड्यात ते कुणाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी तो चिंचोके खिशात भरून घरी गेला, बाबांना खेळ दाखवायला.

आता तुमची पाळी. पावसाळा तोंडावर आलाय असं समजा. २० शिंपले आणि ८० चिंचोके घ्या. बावटा पहिल्याइतकाच हुशार. सांगा, बावट्याच्या ताटलीत शिंपला निघायची शक्यता किती? आईबाबांनाही खेळायला बसवा!

(उत्तर : ३४ पैकी १८)