निळी लिव्हर जमिनीवरच समजून घ्या

शांती नगरमधल्या ज्या घरांत बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला वैमानिक करायचं चाललं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोंदिया, बारामती, धुळे, कुठेही जा. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. तो तास लिव्हर ओळखण्यात घालवू नका.

सुरुवात बहुधा सेसना १७२ सारख्या विमानावर होते. तिच्या पंख्याच्या पात्यांचा कोन पक्का असतो. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ज्या पुस मॉथमधून कराचीहून जुहूला आले, तिचा पंखाही असाच होता. थ्रॉटल वाढवला की फेरे वाढतात.

पुढच्या टप्प्यातल्या विमानांत तीन लिव्हर येतात. काळी थ्रॉटलची, निळी पंख्याची, लाल मिक्स्चरची, म्हणजे इंधन आणि हवेच्या मिश्रणाची. लाल पूर्ण मागे ओढली की पेट्रोल तुटून इंजिन बंद पडतं, म्हणून तिला हात लावताना डोळे तिच्यावरच हवेत. खरा गोंधळ होतो तो निळीचा.

काशिमिऱ्याहून ठाण्याला जाताना गायमुखच्या चढावर आपण खालचा गिअर टाकतो, तसा उड्डाणाच्या वेळी पात्यांचा कोन बारीक ठेवतात. इंजिन पूर्ण वेगाने फिरतं, ताकद मिळते. वर गेल्यावर कोन वाढवला की कमी फेऱ्यांत तेवढाच पल्ला गाठता येतो. मात्र इथे कोन तुम्ही ठरवत नाही. तुम्ही फक्त फेरे ठरवता. पुढचं काम गव्हर्नर नावाचं यंत्र करतं. त्यातली फिरती वजनं फेरे वाढले की बाहेर फेकली जातात, झडप सरकते, एक इंजिनाच्या विमानात बहुधा तेल दाबाने पंख्याच्या मध्यात शिरतं आणि पात्यांचा कोन वाढवतं. पात्यांवर भार आला की फेरे पुन्हा ठरलेल्या जागी येतात.

म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. ताकद वाढवताना आधी मिक्स्चर, मग निळी, शेवटी थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग निळी. उलट केलंत तर कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये नको तितका दाब येतो आणि इंजिनाची हानी होऊ शकते. उतरण्याआधी निळी पुढे ढकलतात, कारण धावपट्टीवर न टेकता पुन्हा वर जावं लागलं तर पूर्ण ताकद लगेच हवी.

डायमंड डीए-४२ सारख्या विमानात प्रत्येक इंजिनाला एकच लिव्हर असते. बाकीचं संगणक पाहतो. त्यावर शिकणाऱ्यांनी तर हे जास्तच मन लावून वाचावं, कारण हाताला ते कधी कळणार नाही.

पालकांनीही मुलांना हा प्रश्न विचारावा: तेलाचा दाब गेला तर पाती कुठे जातात? एक इंजिनाच्या बहुतेक विमानांत ती बारीक कोनावर येतात, दोन इंजिनांच्या बहुतेक विमानांत वाऱ्याला कड देऊन थांबतात. तुम्ही ज्यावर शिकणार आहात त्या विमानाचं उत्तर त्याच्या हँडबुकात असतं. पहिल्या उड्डाणाआधी ते मागून घ्या आणि वाचा.