उडालेल्या रंगाला मॅचिंग कशाला?

उन्हाने रंग उडालेल्या सीट्सपैकी एखादी फाटली, की नवं कापड आणायचं ते उरलेल्या सीट्सच्या 'आत्ताच्या' रंगाशी जुळवून, हा आग्रह मला शुद्ध खुळचटपणा वाटतो. एवढं ठणकावून सांगतोय, कारण गेले तीन आठवडे आमच्याकडे दुसरा विषय नाही.

तर झालंय असं की आम्ही तीन मराठी मित्रांनी मिळून मिनेसोटात एक जुनी पॉन्टून बोट घेतली आहे. पॉन्टून म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या लांबलचक बंद नळकांड्यांवर बसवलेला ओटा, त्याला कठडा आणि कडेने सोफे. इथला बोटीचा हंगाम मोजून चार-पाच महिन्यांचा. दोन सीट्स फाटल्या आहेत. बाकीच्या धड आहेत, पण गडद निळ्याच्या फिकट निळ्या झाल्यात. प्रश्न एवढाच, की नवं व्हायनल कुठल्या निळ्याचं घ्यायचं? (व्हायनल म्हणजे आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते. फक्त बोटीवरच्यात ऊन आणि बुरशी सोसायची औषधं जास्त.)

एका मालकाचं म्हणणं, फोटो काढू, कलर पिकरने हेक्स कोड काढू आणि तोच रंग मागवू. अरे बाबा, व्हायनल म्हणजे काय सीएसएस आहे? कंपनीच्या शेड कार्डावर जे मोजके निळे असतात त्यांतलाच एक घ्यावा लागतो. शिवाय फोनचा कॅमेरा प्रकाश बघून आपल्या मनाने रंग सावरून घेतो. सकाळच्या आणि दुपारच्या फोटोंत एकच सीट दोन रंगांची दिसते.

ह्या बाबतीत आपल्या आया जास्त हुशार. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस पसंत पडला, तरी आई तो साडीसकट रस्त्यावर उन्हात नेऊन बघायची. दुकानदार वैतागायचा, पण शास्त्र आईच्या बाजूने होतं. दोन कापडं ट्यूबलाइटखाली हुबेहूब सारखी दिसून उन्हात वेगळी दिसू शकतात, कारण रंगद्रव्यं वेगळी असतात. ह्याला मेटॅमेरिझम म्हणतात. बोट तर उन्हातच असते! त्यामुळे कार्डाच्या भरवशावर न राहता तुकडा मागवा आणि सीटवर ठेवून भर दुपारी बघा.

पण मुळात बघायचं कशाशी? बोट हंगामभर धक्क्याला एकाच दिशेने बांधलेली. दक्षिणेकडे तोंड असलेले सोफे जास्त उडाले, समोरचे कमी. बसायची गादी आकाशाकडे तोंड करून असते, म्हणून ती पाठीपेक्षा फिकट. एका सीटवर मी पाच निळे मोजले. आणि हे प्रकरण थांबलेलंही नाही. अतिनील किरण रंगद्रव्याचे रेणू मोडतच राहणार, जुनं कापड आणखी फिकं होणार आणि नवं त्याच्या स्वतःच्या वेगाने उडणार. रोज रिक्वायरमेंट बदलणारा क्लायंट परवडला.

त्याहून मोठा मुद्दा म्हणजे रंग एकटा जात नाही. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर उन्हातान्हात हळूहळू निघून जातं, मग कापड ताठर होतं आणि शिवणीपाशी तडे जातात. म्हणजे ज्या सीटशी तुम्ही एवढ्या प्रेमाने मॅचिंग करताय, तीच पुढे फाटायच्या रांगेत उभी आहे. ती फाटल्यावर काय, पुन्हा नवीन फिकट?

दुसऱ्या टोकाचं उत्तर एका दुकानदाराने दिलं. सगळा सेटच बदला, मॅचिंगची कटकट नाही. त्याची नाही, माझ्या खिशाची आहे! आतला फोम कोरडा, प्लायवूड शाबूत, आणि निव्वळ रंगासाठी धडधाकट सोफे कचऱ्यात? मला हे डोक्यात जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. सीट उलटी करा, खालच्या स्टेपल्स काढा आणि आत दुमडलेली कडा उघडा. तिथे ऊन कधी पोचलेलं नसतं. तो मूळ रंग. जुळवायचंच असेल तर त्याच्याशी जुळवा, म्हणजे पुढची प्रत्येक सीट त्याच रंगात करता येईल. ठिगळ लावू नका, त्या सीटचं अख्खं कव्हर बदला. शक्य असेल तर डावी-उजवी जोडीने करा, मग ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. कडेला गडद पायपिंग घाला. दोन निळे एकमेकांना चिकटून असले की फरक डोळ्यांत खुपतो, मध्ये काळी रेघ आली की बराच लपतो. सगळं कापड एकाच रोलचं घ्या, कारण लॉट बदलला की छटा बदलते.

आणि मॅचिंगचा जीव काढायचाच तर तो पोताचा काढा. पोत वेगळं असेल तर रंग जुळूनही ठिगळ ओरडून सांगतं. दोरा ऊन सोसणारा पॉलिएस्टरचा घ्या, सुती नको, तो ओलाव्याने कुजतो. स्टेपल्स स्टेनलेस स्टीलच्या, नाहीतर वर्षभरात गंजाचे डाग. आणि बोटीला कव्हर! मागच्या मालकाने ते घातलं असतं तर हा लेखच झाला नसता :-)

आमच्यातल्या एकाचा 'फिकट निळा'च मागवायचा हट्ट अजून कायम आहे. त्याला मी काल मेल टाकून विचारलंय, की दक्षिणेकडचा फिकट निळा की उत्तरेकडचा? उत्तर आलेलं नाही. गुरुवारपर्यंत वाट बघतो, मग गडद निळ्याचे सहा यार्ड मागवून मोकळा होतो.