स्वस्त बंदूक, महाग राखण

बंदुकीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा तीन ठिकाणांहून येते: शिकारकथांतून, पोलिसी बातम्यांतून आणि बंडाच्या गौरवगाथांतून. मचाणावरचा साहेब, गणवेशातला जवान किंवा रानातला बंडखोर, असा तिथला बंदूकधारी सदैव काहीतरी भव्य करण्याच्या तयारीत असतो. गडचिरोलीकडे जिला ‘भरमार’ म्हणतात आणि ग्रंथांतून जिला ठासणीची बंदूक म्हटले जाते, तिचा मालक या लेखनात जवळजवळ नाहीच. तो धान पिकवतो आणि त्याची बंदूक ही सगळ्यांत स्वस्त बंदूक आहे. या स्वस्ताईची किंमत काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आरमोरी हे वैनगंगेकाठचे गाव. वडसा आणि कुरखेडा हे त्याचे शेजारी. ही झाडीपट्टी. इथे पावसाळ्यात धान लावले जाते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते कापणीला येते आणि पुष्कळ ठिकाणी जंगल बांधीच्या धुऱ्यापर्यंत आलेले असते. लोंबी भरू लागली की रानडुकरांचे कळप रात्री उतरतात. ते खातात त्याहून अधिक तुडवतात. म्हणून शेतकरी मळ्यावर जागल करतो. शेकोटी, डबा बडवणे, आरोळी ही त्याची पहिली शस्त्रे. भरमार त्यानंतर येते.

हे यंत्र मुळात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे. गजाने ठासायचे, टोपी चढवायची, घोडा ओढायचा. बार एकच. तो चुकला तर सारे पहिल्यापासून, तेही अंधारात. नळी आतून गुळगुळीत असल्याने छर्रे थोड्याच अंतरावर पांगतात. काळी दारू ओल धरते, म्हणजे पावसाळ्यात, नेमकी गरज असताना, बार फुसका जाण्याची भीती अधिक. उडालाच तर धुराच्या ढगात पुढचे काही दिसत नाही. आणि नळी वेळेवर धुतली नाही तर दारूची राख लोखंड खाते. तेव्हा भरमारीचा खरा उपयोग आवाजाचा. ती मारते त्यापेक्षा पुष्कळ अधिक भिववते.

अमेरिकेत स्वस्त बंदुकीच्या मालकांचे एक स्वतंत्र अनुभवविश्व आहे. ओहायो राज्यातल्या हाय-पॉइंट या कंपनीची पिस्तुलाच्या गोळीवर चालणारी कार्बाईन तिकडे गरिबाची बंदूक म्हणून ओळखली जाते. दिसायला बोजड, पण किंमत कमी आणि कंपनीची हमी आयुष्यभराची, बंदूक दुसऱ्याच्या हाती गेली तरी टिकणारी. तिचे मालक तिची चेष्टाही करतात आणि कौतुकही. पण त्यांची चर्चा वस्तूभोवती फिरते: गोळी अडकते का, नेम लागतो का, पैसे वसूल होतात का. आपल्याकडे अशी कार्बाईन शेतकऱ्याच्या घरी असण्याचा प्रश्नच नाही. कार्बाईन म्हटले की आपल्याला कानपूरच्या सरकारी कारखान्यातली, पोलिसांच्या खांद्यावरची आठवते. पण त्याहून मोठा फरक अनुभवाच्या जातीत आहे. भरमारीच्या मालकाला बंदुकीचे गुणदोष फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. त्याचे सारे आयुष्य बंदुकीच्या कागदाभोवती जाते.

हा कागद नीट वाचण्यासारखा आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला आणि १९६२ पासून तो लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याचा विचार आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. चौदावे कलम आणखी पुढे जाऊन सांगते की, केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कुणाला परवाना नाकारता येणार नाही. गरिबाची इतकी आठवण ठेवणारे कायदे आपल्याकडे थोडेच. तरीही त्या औदार्याचे स्वरूप पाहावे. गरिबाला दिलेले शस्त्र हे शतकभर जुने, एका बाराचे, पावसात रुसणारे.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायलाच हवा होता. त्याच्याविना वाघ उरला नसता, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. पण त्याने भरमारीच्या मालकाची स्थिती चमत्कारिक केली. बंदूक पीक राखण्यासाठी दिलेली; पीक खाणारे जनावर मात्र लेखी परवानगीवाचून मारता येत नाही, आणि परवानगीने मारले तरी ते सरकारची मालमत्ता ठरते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. २०१५ साली राज्य शासनाने रोही आणि रानडुकरांबाबत ही वाट सोपी करण्याचा निर्णय घेतला. पण कळप रात्री येतो आणि कचेरी सकाळी उघडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने, ज्याच्या आधारे याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, वनातले अनेक परंपरागत हक्क मान्य केले. शिकारीचा हक्क मात्र त्याने स्पष्ट शब्दांत वगळला. एका खात्याने दिलेली बंदूक दुसऱ्या खात्याच्या दारात अशी निरर्थक होते.

निवडणुकीचा प्रकार याहून बोलका आहे. आचारसंहितेच्या काळात परवान्यांची छाननी होते आणि ज्यांना सांगितले जाईल त्यांनी शस्त्र ठाण्यात जमा करायचे असते. शांततेसाठी हे योग्यच. आता महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या तारखा पाहाव्यात: १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. तिन्ही वेळा झाडीपट्टीत धान कापणीच्या तोंडाशी किंवा खळ्याच्या वाटेवर होते. ज्याला त्या दिवसांत बंदूक ठाण्यात ठेवावी लागते, त्याच्या परवान्यावरचा ‘पीकसंरक्षण’ हा शब्द ऐन पिकाच्या वेळी निवृत्त होतो. हे कुणी हेतुतः केलेले नाही. पंचांग बघताना शेत कुणाच्या ध्यानी आले नाही, इतकेच.

आणि गडचिरोलीत बंदूक कधीच केवळ शेतीचे अवजार नव्हती. चाळीसहून अधिक वर्षे इथे नक्षल चळवळ होती, आणि तिच्या दलांतही भरमारी होत्या. गावच्या माणसाच्या घरातली तीच वस्तू पोलिसांना संशयाची वाटणार आणि दलाला उपयोगाची, हे ओघानेच आले. विनापरवाना असेल तर संकट दुप्पट: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा शस्त्राला किमान दोन वर्षांची कैद आहे. आजोबांकडून आलेली बंदूक आणि दलमची बंदूक यांतला भेद पंचनाम्यात सहज दिसत नाही. म्हणून पोलिसांच्या आवाहनावरून गावकऱ्यांनी भरमारी स्वेच्छेने जमा केल्या, तेव्हा त्यांत सुटकेचा निःश्वासही असावा असे आम्हांला वाटते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. एका कालखंडाचा तो शेवट मानला गेला, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु बंदुका खाली ठेवल्या गेल्या म्हणून रानडुक्कर थांबलेले नाही. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने हत्तींचा कळप या भागात येऊ लागला; त्याच्यापुढे भरमारीचा बार म्हणजे मृत्यूला निमंत्रण. २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा वनक्षेत्रात सीटी-१ नावाचा वाघ पकडला गेला. तेरा माणसांच्या मृत्यूंशी त्याचे नाव जोडलेले होते. त्याला थांबवले ते वनखात्याच्या भुलीच्या बाणाने. म्हणजे प्रशिक्षित माणसे, वेळ आणि पैसा यांनी. शेतकऱ्याची गरज खरोखर कशाने भागते, याचे उत्तर तिथेच होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, भरमारीने चितळही मरते आणि ते विकलेही जाते. हे खरे आहे. आम्ही त्याची भलामण करीत नाही. दुसरा याच्या उलट: मग शेतकऱ्याला चांगली बंदूक द्या. हेही आम्हांला मान्य नाही. ज्या जिल्ह्याने इतका बारूद पाहिला तिथे चांगल्या बंदुकीने मळ्यावरची झोप सुखाची होईल, असा भरवसा कोणत्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पीक राखण्याचे काम राज्याने एका स्वस्त बंदुकीच्या गळ्यात बांधले होते आणि त्या मोबदल्यात स्वतःची सुटका करून घेतली होती. वन्यप्राणी सर्वांचे आहेत, तर त्यांच्या भोजनाचा खर्च एकट्या धुऱ्यावरच्या माणसाने का सोसावा? सामूहिक कुंपण, पेरणीपूर्वी ठरलेली आणि कापणीपूर्वी हाती पडणारी भरपाई, पंचनाम्याचा अधिकार ग्रामसभेला, रात्री हाकेला येणारे वनखात्याचे पथक, या मागण्यांत नवे काही नाही. नवे इतकेच की भरमार जमा करून घेतल्यावर त्या टाळायला निमित्त उरलेले नाही.

बंदूक जमा केली की ठाण्यातून पोच मिळते. तिच्यावर बंदुकीचा क्रमांक असतो, मालकाचे नाव असते. ज्या बांधीसाठी ती घेतली होती तिचा उल्लेख नसतो. तो उल्लेख सरकारी कागदावर यावा, आणि त्या बांधीची जबाबदारी आता कोणाची हेही त्याखाली लिहिले जावे, एवढीच आमची मागणी आहे.