यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे?

भिंतीवर फळी बसवावयाची किंवा पडद्याचा दांडा लावावयाचा, तर विजेवर चालणारे ड्रिल हाताशी असावे असे वाटते. परंतु ते स्वतःच्या मालकीचे असावे काय, याचा निर्णय दुकानात जाण्यापूर्वीच करावा.

हिशेब सोपा आहे. ने-आणीसह भाड्याचा एका दिवसाचा खर्च काढावा आणि त्याने यंत्राच्या किमतीस भागावे. समजा, किंमत ३,००० रुपये व दिवसाचा खर्च २०० रुपये आहे, तर उत्तर १५ येते. एवढे दिवस ते आपल्या हातून खरोखर चालेल काय? बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड वारंवार हलते, प्रत्येक घरी नवी भोके पाडावी लागतात. अशा कुटुंबास लहान ड्रिल विकत घेणे परवडते. उलट, काँक्रीटमध्ये मोठी भोके पाडणारा रोटरी हॅमर किंवा फरशी कापणारा कटर एका कामानंतर माळ्यावरच पडून राहतो. तो भाड्याने आणणेच इष्ट.

भाड्याचे यंत्र दुकानातच चालवून पाहावे, वायर तपासावी व अनामत रकमेची पावती घ्यावी. चौकोनात चौकोन ही दुहेरी विद्युत्‌रोधनाची खूण यंत्रावर नसेल, तर तीन पिनांचा प्लग व घरचे अर्थिंग अत्यावश्यक होय. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू नये. तेथे भिंतीत वायर असण्याचा संभव असतो. संरक्षक चष्मा मात्र विकतच घ्यावा. डोळ्यांच्या बाबतीत काटकसर नको.