मेलेल्या माकडाची वाट का पाहावी?

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात, माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ भोवतालच्या खेड्यांतील माणसे तीव्र ज्वराने अंथरुणास खिळली, तेव्हा पीतज्वराच्या शंकेने तिकडे धावलेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवाच विषाणू सापडला व त्याचा प्रसार गोचिडांमार्फत होतो, असे निष्पन्न झाले. तोच माकडताप गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी या तालुक्यांत येऊन ठेपला, आणि काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यास बळी पडली.

माकडाला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण तेही या रोगाने मरते. पाऊस सरल्यावर गोचिडांची सहा पायांची सूक्ष्म पिल्ले पाचोळ्यातून रानउंदीर, चिचुंद्री अशा क्षुद्र मानल्या गेलेल्या जीवांच्या अंगावर चढतात, रक्त पिऊन गळून पडतात, कात टाकतात, आणि रक्तातून आलेला विषाणू पोटात तसाच बाळगून, आठ पायांच्या पुढील अवस्थेत नव्या भक्ष्याची प्रतीक्षा करतात. ही अवस्था साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत विपुल असते. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आमचा शेतकरी भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्यास, काजू वेचण्यास व सरपण आणण्यास रानात शिरतो. पुढे वयात आलेल्या गोचिडांना रानात चरणाऱ्या गुरांचे रक्त पोसते.

असे असता सरकारी यंत्रणा बहुधा हलते ती माकडाचे प्रेत सापडल्याची वर्दी आल्यावर किंवा रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यावर! जुनी लस अपुरी ठरून तिचा वापर थांबला असताना तर ही दिरंगाई अक्षम्यच होय. रानउंदीर पिंजऱ्यात धरून त्यांच्या अंगावरील गोचीड तपासणे, पायवाटांच्या कडेने पांढरे फडके ओढून त्यास चिकटणारे गोचीड मोजणे, या कामांस फार मोठा खर्च लागत नाही. लागतो तो चिकाटीचा माणूस आणि दरसाल न चुकता भरली जाणारी नोंदवही. आरोग्य, वन व पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांनी मिळून तालुक्यास असे कायमचे पथक नेमावे, ऑक्टोबरपासून त्याने रानात उतरावे, आणि ज्या वाडीच्या रानात विषाणू आढळेल तेथे अंगास लावावयाचे प्रतिबंधक तेल व कामकऱ्यांना द्यावयाची सूचना काजूच्या हंगामापूर्वी पोहोचलीच पाहिजे, अशी जबाबदारी जिल्हा परिषदेने लेखी स्वीकारावी.